बिनसावलीचा उजेड

मिस्त्रींच्या कारखान्यात एकच बल्ब होता, आणि त्या बल्बवरून त्या घरात जेवढे खटके उडाले तेवढे दुसऱ्या कशावरूनही उडाले नसतील. कारखाना आपला म्हणायला. मूळची ती घरामागची गाडी ठेवायची खोली. गाडी घेणं काही झालं नाही, म्हणून तिथे लाकूड आलं. खिडकी नाही, पुढे लोखंडी शटर, आणि शटर वर केलं की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय आत धड काही दिसत नसे. मधोमध मिस्त्रींचं कामाचं लांब टेबल, त्यावर छतातून लोंबणारा तो पिवळा बल्ब, आणि बल्बच्या खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी ताणलेली एक बारीक तार.

सगळी गोम त्या तारेत होती. मिस्त्रींची उभी हयात फर्निचरच्या कंपनीत गेली. तिथे एकाच मापाचे तुकडे ढिगाने कापावे लागत, आणि दर तुकड्यावर खूण करत बसायला कुणाला सवड नसे. म्हणून तिथल्या जुन्या माणसांनी एक युक्ती काढली होती. दिव्याखाली तार ताणायची, तिची सावली लाकडावर पडली की त्या सावलीवर करवत चालवायची. लाकूड टेबलाच्या टोकाला, ठोकळ्याला टेकवून धरलं की माप आपोआप ठरलं. मिस्त्रींनी ती युक्ती घरी आणली. दोन्ही भिंतींवर पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांना खाचा पाडल्या आणि खाचांपुढे पेन्सिलने लिहून ठेवलं: स्टूल, खुर्ची, फळी. तार हव्या त्या खाचेत अडकवली की त्या मापाची सावली टेबलावर हजर. खुर्चीच्या पुढे आणखी एक खाच होती. तिच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं आणि तिच्यात वर्षानुवर्षं धूळ बसली होती. टेपला मिस्त्री हातही लावत नसत. टेप लोंबतो, सावली लोंबत नाही, असं ते म्हणत.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसण्यात, मेणबत्त्या लावण्यात आणि पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला. शाळेतली पोरं बाई म्हणत, ते ऐकून मिस्त्रीही थट्टेने बाई म्हणायला लागले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंचा विश्वास मोजता येईल त्या गोष्टीवर. डोक्यामागे बल्ब असला की माणसाच्या स्वतःच्याच डोक्याची सावली कामावर पडते, हे त्या मिस्त्रींना लग्न झाल्यापासून सांगत होत्या. मिस्त्री ऐकून घेत, आणि बल्ब होता तिथेच राही.

मग लेकीकडून बातमी आली. एकुलती एक लेक, त्याच गावात पलीकडच्या टोकाला राहणारी. बरीच वर्षं वाट पाहून आता आई होणार होती. तिने बापाला फोनवर बजावलं की पाळणा दुकानातला नको, तुम्हीच करायचा. मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी जपून ठेवलेलं, चांगलं मुरलेलं लाकूड बाहेर काढलं, रंधा मारायला घेतला, आणि पहिल्याच दिवशी पटाशी निसटून अंगठ्यात घुसली. सांध्यावर डोक्याची सावली होती, आणि सावलीतलं आता त्यांना पूर्वीसारखं दिसत नव्हतं. त्यांनी अंगठ्याला चिंधी गुंडाळली. ती चिंधी बाईंच्या नजरेतून सुटली नाही. जेवताना मिस्त्री ताटाकडे बघत म्हणाले, "हा शेवटचा नग. हा वाकडा निघाला तर शटर खाली."

बाईंना धसका बसला. मिस्त्रींच्या थोरल्या भावाने असंच एक दिवस काम सोडलं होतं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. पुढे त्याला हसतानासुद्धा कुणी पाहिलं नाही. आपल्या नवऱ्याचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं बाईंनी त्या ताटावर ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रींना धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, डोळे वयाच्या मानाने ठीक आहेत, उजेड वाढवा.

"दिवा हलला की माझं माप हललं," मिस्त्री परत येताना रस्ताभर म्हणत राहिले. बाईंनी शेवटी तडजोड केली. बल्ब जाईल, तार राहील. नव्या उजेडात तारेची सावली पडणारच नाही, तेव्हा मापं टेपने घ्यावी लागतील, हे त्यांनी पुढचं पुढे म्हणून पोटात ठेवलं. तार काय, रुमाल वाळत घालायला उपयोगी पडेल, असं मात्र बोलून गेल्या, आणि मिस्त्री दोन गल्ल्या फुरंगटून चालले.

दिव्यांच्या दुकानात बाई पांढरा कागद आणि पेन्सिल घेऊन गेल्या. दुकानदार जाडजूड, हसतमुख. त्याच्या दुकानात इतका लखलखाट की स्वतःचीच पाटी त्याला डोळ्यांवर हात धरून वाचावी लागे. त्याने आधी मोठे फोकस दाखवले. बाईंनी कागद खाली धरला, वर पेन्सिल धरली. सावली काजळासारखी पडली. नको. मग छताला चिकटणारे चौकोनी दिवे दाखवले. सावली फिकी, पण किंमत ऐकून मिस्त्री बाहेर जाऊन उभे राहिले. मग लांब पट्टीचे ट्यूबलाइट. एकाखाली पेन्सिलची सावली पुसट झाली, दोघांच्या मधे धरल्यावर दिसेनाशीच झाली. बाईंनी पेन्सिल उभी धरली, आडवी धरली, कागद वरखाली केला.

"बाई, तुम्ही दिवा विकत घेताय की सावली?" दुकानदाराने विचारलं.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. एक दिवा टेबलाच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही टेबलाच्या लांबीला समांतर. एकाची सावली दुसरा खाऊन टाकतो. वर छताला पांढरा रंग दिला की उरलेला उजेड फुकटात मिळतो. त्यासाठी भारी दिवे लागत नाहीत, डोकं लागतं. दुकानदाराने खोकी फाटलेले दोन ट्यूब काढले, खोक्याचे पैसे कापून दिले, आणि छताला रंग द्यायची युक्ती इतर गिऱ्हाइकांना सांगू नका अशी विनंती केली.

छत बाईंनीच रंगवलं. मिस्त्री स्टूल धरून उभे राहिले आणि खालून चुका काढत राहिले. ट्यूब बसले, जुना बल्ब होल्डरसकट उतरला. मिस्त्रींनी पाळण्याची रुंदी स्टुलाएवढी धरली होती. तार त्यांनी स्वतः स्टुलाच्या खाचेत अडकवली, बाईंच्या देखत. मग बटण दाबलं.

खोली एकदम नवीच दिसली. कोपऱ्यातली जळमटं, करवतीचे दात, मिस्त्रींच्या हातावरच्या शिरा, सगळं लख्ख. बाईंनी टेबलावर हात धरला. हाताची सावली नाही. हातोडी धरली; हातोडीची नाही. मिस्त्री वाकले, त्यांच्या डोक्याचीही नाही. बाईंचा चेहरा फुलला. इतक्या स्वस्तात असा उजेड शाळेतसुद्धा कधी जमला नव्हता.

आणि टेबलावर तारेची सावली होती. बारीक, काळी, धारदार. बल्बखाली पडायची तशीच, किंबहुना थोडी जास्तच ठसठशीत.

मिस्त्री हसले, अगदी पोरासारखे. "बघ," ते म्हणाले, "माझी तार मला सोडून जाणार आहे होय?" आणि ते ठोकळ्याला लाकूड टेकवून करवत शोधायला लागले.

बाईंनी कागद आणला. पेन्सिल धरली, पेन्सिलची सावली पडेना. तिच्या शेजारी तारेची पडली होती. त्यांनी अलीकडचा ट्यूब बंद केला. आता पेन्सिलला पुसट सावली आली, एकाच ट्यूबखाली ती यायलाच हवी होती. तारेच्या सावलीत मात्र काही फरक पडला नाही. पलीकडचा बंद करून पाहिला, तेच. मग त्यांनी कागद सावलीवर ठेवला. रेघ कागदावर आली. कागदाचं टोक उचलून खाली पाहिलं, तर रेघ लाकडावरही होती.

बाईंनी तो कागद बराच वेळ तसाच धरून ठेवला. दोन्ही दिवे बंद केले तर काय होईल, असं त्यांच्या मनात आलं. हात बटणापर्यंत गेलाही. मग कोण जाणे का, त्यांनी तो मागे घेतला.

"प्रयोग पुरे झाले," मिस्त्री म्हणाले. "मला काम करू दे."

ते सावलीवर करवत चालवायला लागले. बाईंनी शेवटचं म्हणून वर हात करून तार बोटाने छेडली. तार चांगली घटकाभर थरथरत राहिली. सावली हलली नाही.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले, हे बाईंना कबूल करावंच लागलं. मिस्त्रींचा हात पटाशीवर पूर्वीसारखा बसला. ते काम करता करता गुणगुणायला लागले, आणि ते गुणगुणतात तेव्हा सूर कुठल्या कुठे जातो, तरी बाई शटरजवळ स्टूल टाकून चहा घेऊन ऐकत बसायच्या. टेबलावरच्या त्या रेघेबद्दल त्या मनात नाना तर्क लढवत. काचेत काही दोष असेल, पांढऱ्या छतावरून उजेड उलटत असेल, तारेला चकाकी असेल. एकही तर्क कागदावर टिकेना. आणि या सगळ्यात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली, याचं बाईंना पुढे सगळ्यात जास्त नवल वाटलं. मिस्त्रींनी जन्मभर सावलीवर विश्वास टाकला होता, म्हणून त्यांनी माप पडताळलं नाही. आणि सावली कशाने पडते हे शोधण्यात बाई इतक्या गढून गेल्या, की ती कुठे पडते हे त्यांनी पाहिलंच नाही.

ते कळलं पाळणा उभा राहिला तेव्हा.

दोन खांब, मधे दोन खिळींवर झुलणारा पाळणा. सांधे असे बसलेले की नख शिरणार नाही. मिस्त्रींनी हात पुसले आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. मग आणखी एक पाऊल मागे सरकले.

पाळणा रुंद होता. थोडाथोडका नाही. एका बाळाला ती रुंदी कशालाच लागत नव्हती.

बाई स्टुलावरून उठल्या. टेप आणायचं त्यांच्या मनात आलं नाही. त्या पाळण्याजवळ गेल्या आणि या कडेला खांदा टेकवून त्यांनी हात पलीकडे पसरला. पलीकडची कड मधल्या बोटाच्या टोकाला नेमकी लागली.

हे माप त्यांच्या हाताला माहीत होतं. लेक जन्मली तेव्हा ती एकटी नव्हती. दोघी होत्या, आणि दोघी येणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मिस्त्रींनी पाळणा दोघींच्या मापाचा केला होता. बाई त्या पाळण्याशेजारी निजायच्या, असाच हात आडवा टाकून, म्हणजे कोपर एकीला लागे आणि बोटं दुसरीला. धाकटी फार दिवस राहिली नाही. मग एके दुपारी बाईंचा डोळा लागलेला असताना मिस्त्रींनी पाळणा मागच्या याच खोलीत आणला, आणि त्या जाग्या झाल्या तेव्हा तो एकीच्या मापाचा होऊन जागेवर आला होता. त्यावर दोघं एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. लेकीलाही सांगितलं नाही. पुढे तो पाळणा कुणाला तरी देऊन टाकला.

बाईंनी वर पाहिलं. तार स्टुलाच्या खाचेत होती, मिस्त्रींनी लावली तिथेच. टेबलावरची सावली तिच्या खाली नव्हती. ती पुढे होती, खुर्चीच्याही पुढे. धुळीने भरलेल्या, काहीच न लिहिलेल्या त्या खाचेसमोर.

"मी तार तिथे लावली नव्हती," मिस्त्री म्हणाले.

"माहीत आहे. माझ्यासमोर लावलीत."

"माझे डोळे गेले असतील."

"माझे तर गेले नाहीत ना," बाई म्हणाल्या.

मिस्त्री भिंतीकडे वळले. मग त्यांनी खुंटीवरची करवत काढली. "कापून टाकतो," ते म्हणाले. "एकदा कापलाय. परत कापेन."

त्यांनी करवत कडेवर टेकवली.

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "या वेळी नको."

मिस्त्रींनी करवत खाली ठेवली, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते बायकोसमोर रडले. बाईही रडल्या. रडून झाल्यावर दोघांना जरा लाजल्यासारखं झालं. मिस्त्री टेबलावरचा भुसा पुसायला वळले आणि पुसता पुसता थांबले.

टेबल स्वच्छ होतं. तार वर ताणलेली होती, दोन्ही ट्यूब चालू होते, आणि खाली कसलीही रेघ नव्हती. बाईंनी कागद धरून पाहिला. उजेड त्यांनी दुकानात निवडला होता तसाच होता, सगळीकडे सारखा, बिनसावलीचा.

त्या दिवसापासून मिस्त्री टेपने मापं घ्यायला लागले, आणि दर मापाला टेपला नावं ठेवायला लागले. शटर खाली आलं नाही. बाईंना तेवढं पुरे होतं.

लेक पाळणा बघायला आली तेव्हा पोट सावरत हसत सुटली. "बाबा, यात मी पण मावेन," ती म्हणाली. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले? एकच आहे ना? लेकीने सांगितलं, एकच. थोड्या वेळाने बाईंनी पुन्हा विचारलं. "एकच आहे गं आई," लेक म्हणाली, "किती वेळा विचारशील?" पाळणा मात्र तिला आहे तसाच हवा होता. मोठा असला तर पोर त्यात जास्त दिवस झोपेल, हा तिचा हिशोब.

पाळणा द्यायच्या आधी मिस्त्रींनी त्याचा तोल तपासला. त्यांच्याकडे लेव्हल होती, पाण्याच्या बुडबुड्याची, बोटभर लांबीची, नेहमी खिशात असायची. ती त्यांनी पाळण्याच्या डोक्याकडच्या आडव्या कडेवर ठेवली, बुडबुडा मधोमध. बाईंनी प्रयोग म्हणून साखरेची पिशवी पाळण्यात एका बाजूला ठेवली. पाळणा लगेच त्या अंगाला कलला आणि बुडबुडा टोकाला जाऊन बसला. रुंद पाळण्याचं असंच असतं, मिस्त्रींनी लेकीला समजावलं. बाळाला मधोमध निजवत जा, नाहीतर कलेल.

मुलगी झाली. एकच, गुटगुटीत, बाईंच्या नाकाची. मिस्त्रींनी नात पाहिली आणि त्या दिवशी ते वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, अगदी दिवेवाल्या दुकानदारालासुद्धा.

काही आठवड्यांनी दोघं लेकीकडे गेले. दुपारची वेळ होती, खोलीत ऊन आलेलं होतं, नात पाळण्यात झोपली होती. अगदी भिंतीकडच्या कडेला, कडेला चिकटून. दुसरी बाजू पूर्ण रिकामी.

"बघा ना हिचं," लेक हळू आवाजात म्हणाली. "मी मधोमध निजवते. थोड्या वेळाने येऊन पाहते तर ही कडेला. एवढा पाळणा, आणि ही अंग चोरून झोपते."

मिस्त्रींनी पाळण्याकडे पाहिलं. मग सवयीने खिशातली लेव्हल काढली आणि अलगद आडव्या कडेवर ठेवली. वाकून पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग बाईंसाठी बाजूला सरकले.

बाई वाकल्या. नात डाव्या कडेला होती. पाळणा सरळ होता. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्रींनी लेव्हल उचलून खिशात ठेवली आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी नातीच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली, कड गादीखाली खोचली. मग त्या पाळण्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या आणि तिथलीही चादर तितकीच वर ओढून तशीच खोचली.

"आई, तिकडे कशाला?" लेक म्हणाली. "तिकडे कुणी नाहीये."

"गार हवा आहे," बाई म्हणाल्या.

खोचताना त्यांच्या हाताला लागलेली गादीची ऊब त्यांनी कुणालाच सांगितली नाही.